राऊतबाई आणि पाण्यावरची सरकारी स्कूटर

मीनलचा फोन आला तेव्हा मी वाणगावच्या बाजारात मिरचीची रोपं निवडत होतो. "पाटीलकाका, आई गेली," ती म्हणाली. मग, "सकाळी चहा मागितला, घेतला, आणि..." मी 'निघतोच' म्हणालो. हातात रोपांचा ट्रे तसाच होता आणि रोपवाला विचारत होता, घेताय की ठेवताय. मी घेतली. का घेतली ते आज सांगता येणार नाही. पालघरच्या एसटीत तो ट्रे मांडीवर घेऊन बसलो होतो एवढं आठवतं. आणि हेही आठवतं की राऊतबाई सोबत असत्या तर त्यांनी रोपवाल्याला हमखास विचारलं असतं, की मुळांशी मातीऐवजी हा तपकिरी भुसा कशाचा भरता, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या तिथून हलल्या नसत्या.

त्याआधी दहाएक दिवस त्यांना इस्पितळात भेटलो होतो. नाकाला नळी होती, आवाज खोल गेला होता. भिंतीवर ऑक्सिजनच्या नळीला काचेचा एक छोटा खांब असतो आणि त्यात एक गोळी तरंगत असते, तिच्याकडे त्या बघत होत्या. नर्स आली तर तिला म्हणाल्या, "बाळा, ही गोळी दोनवर आहे. दोन म्हणजे कशाचे दोन?" ती बिचारी हसून निघून गेली. पण तासाभराने परत आली आणि म्हणाली, "आजी, विचारून आले. मिनिटाला दोन लिटर." बाईंचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुधाच्या चार पिशव्या झाल्या, पाटील. दर मिनिटाला." त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते हेच. आजाराबद्दल अवाक्षर नाही.

प्रमिला राऊत आणि मी सतरा वर्षं एका सरकारी कार्यालयात शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. खात्याचं नाव लिहायचं कारण नाही. त्यांच्याकडे वाहनांचं टेबल होतं, म्हणजे जीपगाड्या, त्यांची दुरुस्ती, चालकांच्या पाळ्या. बाई केळव्याच्या वाडीतल्या. घराभोवती नारळी-पोफळी, पानवेली, आणि कुंपणापलीकडे हाकेच्या अंतरावर समुद्र. पण लग्न होऊन पालघरला येईपर्यंत त्या कधी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेल्या नव्हत्या. "आमचा संबंध पानवेलीशी," त्या सांगायच्या. "समुद्र कोळ्यांचा. आम्ही फक्त त्याचा आवाज ऐकायचो." यजमान लवकर गेले. एकटीने मीनलला वाढवलं. या सगळ्यात त्यांची एक सवय मात्र कधी सुटली नाही. कुठलीही वस्तू समोर आली की ती कशी चालते हे त्यांना कळायला हवं असे. कार्यालयातलं स्टेपलर त्यांनी दोनदा खोलून पुन्हा जोडलं होतं. चहावाल्याला विचारलं होतं, की उतू जाताना चहा मधून का वर येतो, कडेने का नाही. लोक हसायचे. मीही सुरुवातीला हसायचो.

तर एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या आवारात एक ट्रक आला आणि त्यातून लाकडी खोक्यात बांधलेली एक वॉटर स्कूटर उतरली. समुद्रावर हौशी लोक वाऱ्यासारखी पळवतात ना, ती. मागे दोघं बसू शकतील अशी लांब सीट, पुढे मोटरसायकलसारखं हँडल, निळा-पांढरा रंग. केळव्याला सुट्टीच्या दिवशी मुंबईहून माणसं येतात, बोईसरच्या कारखान्यांतले कामगार येतात, आणि दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. त्यासाठी किनाऱ्यावर जीवरक्षक नेमले होते, आणि त्यांच्या हाताशी हे यंत्र असावं असं वर कुणाच्या तरी मनात आलं होतं. सगळ्या कार्यालयाने तिच्याबरोबर फोटो काढले. तिच्यासोबतचं पत्र मात्र बाईंच्या टेबलावर आलं, कारण वाहनांचं टेबल त्यांचं. यंत्र ताब्यात घ्यावं आणि त्याच्या मालकीचे व वापराचे नियम तयार करून सहीसाठी सादर करावेत, असं त्यात लिहिलं होतं.

आमचे साहेब तसे भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, जीपचे नियम आहेत ना आपले, तेच घ्या. 'वाहन' असेल तिथे 'जलवाहन' करा. सोमवारी द्या."

बाईंनी जीपचे नियम काढले आणि मला मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. "चालकाने वाहन सोडताना हँडब्रेक ओढावा... पाटील, हिला ब्रेक असतो का हो?"

"असेलच की," मी म्हणालो.

"बघितलाय तुम्ही?"

नव्हता बघितला. मग त्या खाली जाऊन आवारातल्या त्या यंत्राभोवती फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "नाहीये. आणि पंखाही दिसत नाही. मग ही पुढे कशी जाते?" सोमवारी साहेबांना काही मिळालं नाही.

पहिला प्रश्न होता हे यंत्र गाडी की होडी. जीपची नोंदणी होते तिथे आम्ही दोघं गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "चाकं आहेत का?" बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "तिच्या ट्रॉलीला आहेत." त्याने हात जोडले. मग बंदराच्या कार्यालयात गेलो. तिथला वयस्कर बाबू म्हणाला, होडीच ही, पण खाजगी असती तर मालकाचं नाव लिहिलं असतं. सरकारी आहे, तर मालक कोण? किनाऱ्यावर ठेवणार ते की विकत घेणारे ते? चालवणारा तुमचा नोकर आहे का? नसेल तर अपघात झाल्यावर जबाबदार कोण? बाईंनी त्याचा प्रत्येक प्रश्न आपल्या जुन्या डायरीत लिहून घेतला आणि परतताना मला म्हणाल्या, "किती हुशार माणूस हो. आपल्याला तीन प्रश्न होते, त्याने सहा केले." वैताग वगैरे त्यांच्या चेहऱ्यावर नव्हताच.

यंत्र केळव्याला गेलं आणि तिथे आम्हाला नरेश तांडेल भेटला. सातपाटीचा, तिशीचा, जीवरक्षकांचा म्होरक्या. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची, दर वर्षी नव्याने. त्याला हे यंत्र चालवायचं रीतसर शिक्षण मिळालं होतं. बाईंनी त्याला अक्षरशः तासभर उभा केला.

"बाय, हिला ब्रेक नाय हाय," नरेश म्हणाला. "पंखा आत हाय. खालून पानी ओढते नि मागून फेकते. त्या फेकलेल्या पान्याच्या जोरावर पुढं जाते."

"आणि वळते कशी?"

"हँडल फिरवला का मागची नळी वळते. पण पानी फेकत असेल तरच. रेस सोडलीत, जोर गेला, तर हँडल कितीपन फिरवा, सरळच जाते."

बाईंनी हवेतच हँडल धरल्यासारखे हात फिरवून बघितले. मग म्हणाल्या, "म्हणजे समोर माणूस आला आणि चालवणारा घाबरला, त्याने रेस सोडली... तर गाडी वळणारच नाही?"

"नाय वळनार. थोडा जोर देऊनच वळवायला लागते. नवशिका हितंच चुकतो."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग पाणी आत जातं तिथे खाली जाळी होती, तिच्याविषयी विचारलं. पाणी ओढते तर वाळू ओढत नाही का? नरेश म्हणाला, ओढते ना. म्हणून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत ढकलत न्यायची आणि मगच चालू करायची. उथळ पाण्यात फिरवली तर वाळू, जाळ्याचे तुकडे, प्लॅस्टिक, सगळं आत जाऊन पंख्याला बसतं. चावीला एक लाल दोरी होती, ती चालवणाऱ्याने मनगटात अडकवायची. तो पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. बाईंनी ती दोरी स्वतःच्या मनगटात अडकवून ओढून बघितली.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "पाटील, साहेबलोकांच्या घरच्यांना सरकारी जीपमधून बाजारात नेतात. नियमात बसतं का ते?"

"नाही."

"पण नेतात."

"नेतात."

"का?"

"कारण ड्रायव्हरला नाही म्हणता येत नाही."

"नियम तर आहे. मग का म्हणता येत नाही?" त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. हा प्रश्न त्यांनी डायरीत लिहिला नाही, पण तो त्यांच्या डोक्यातून गेला नाही हे मला पुढे कळलं.

असे दिवस जात राहिले. बाईंची फाइल जाडजूड होत गेली. नियमाचा मसुदा होईना, कारण दर वेळी काहीतरी नवीन कळे. जिल्ह्यात आत कुठे तलावात कुणी बुडालं आणि दुसऱ्या खात्याने हे यंत्र मागितलं तर द्यायचं का? सूर्य मावळल्यावर चालवायचं का? साहेब आठवण करत, बाई म्हणत, "एवढं एक विचारून घेते." मी एकदा त्यांना म्हणालो, बाई, आता पुरे, अर्धंमुर्धं तरी पाठवा. त्या म्हणाल्या, "अर्ध्या नियमाने माणूस फसतो, पाटील." मला ते पटलंही होतं.

आणि मग तो शनिवार-रविवार आला. शनिवारी संध्याकाळी बाहेरगावचे एक बडे अधिकारी कुटुंबासह केळव्याला उतरले. त्यांच्यासोबतच्या माणसाने नरेशला सांगितलं, पाहुण्यांना एकेक चक्कर मारून आण. नरेश आधी नको म्हणाला. तो माणूस म्हणाला, कुठे लिहिलंय नाही म्हणून? कुठेच लिहिलेलं नव्हतं. लेकरं खोल पाण्याला घाबरत होती म्हणून नरेशने कडेकडेनेच, उथळात, सात-आठ चकरा मारल्या. अंधार पडला तशी गाडी घाईने, खालची जाळी न बघताच, किनाऱ्यावरच्या छपराखाली लावली. रविवारी दुपारी बोईसरच्या एका कारखान्यातली पाच-सहा मुलं पोहायला आली. ओहोटीच्या ओढीत त्यांतला एक आत गेला. नरेश आणि त्याच्या साथीदाराने गाडी पाण्यात ढकलली, इंजिन चालू झालं, पण गाडी जागची हलेना. नुसता आवाज. पंख्याला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा घट्ट बसला होता आणि वर वाळू. नरेशने गाडी सोडली आणि पोहत गेला. तो पोचेपर्यंत मुलगा दिसेनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. तेवीस वर्षांचा होता.

यंत्र चालू असतं तर तो वाचला असता का? हे कुणालाच सांगता येणार नाही. नरेशलाही नाही. पण त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

मुलाचा थोरला भाऊ आला होता. तोही बोईसरलाच कामाला. हातात टोपी, पायात कारखान्याचे बूट. त्याला कुठून तरी कळलं होतं की स्कूटरची फाइल या कार्यालयात आहे. तो आमच्या टेबलांपाशी आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, वो पानी वाला स्कूटर था ना वहाँ? फिर आया क्यों नहीं?"

कार्यालयाने ठरवलेलं उत्तर होतं, यांत्रिक बिघाड. मी तेच सांगायला तोंड उघडलं. बाई उठल्या, त्यांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्यांचं हिंदी अगदी मोडकंतोडकं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "आदले दिन उस पर मेहमान लोगों को घुमाया. कम पानी में. उस में जाली का टुकडा गया, रेती गई. इसलिए नहीं चला." मग टेबलावरच्या जाड फाइलवर हात ठेवला. "मेहमान को मना करने का कागद... वो मेरे टेबल पर था. मैंने पूरा नहीं किया था."

तो खुर्चीवरून उठला. रागावला नाही, रडला नाही. टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "आपने बताया तो सही." आणि गेला. आम्ही दोघांनी त्या दिवशी डबे उघडले नाहीत.

बाईंना मेमो आला. अधिकार नसताना बाहेरच्या व्यक्तीला माहिती दिल्याबद्दल. खुलाशात त्यांनी लिहिलं, की त्या माणसाने प्रश्न विचारला, उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून दिलं. एवढंच. साहेबांनी ते वाचून मला विचारलं, "यांना समजावता येईल का?" मी नाही म्हणालो. पुढे तो मेमो तसाच पडून राहिला, पण त्यांची बढती दोन वर्षं लांबली. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. बोलल्या त्या फक्त त्या मुलाबद्दल, एकदाच, कपाटाला कुलूप लावता लावता... "मला वाटायचं, विचारत राहणं म्हणजे काम करणं. तसं नसतं, पाटील. एका ठिकाणी थांबून लिहावंही लागतं."

मुलाचा भाऊ येऊन गेला त्यानंतरचा गुरुवार. गाडी साफ होऊन पुन्हा चालू झाली होती. बाईंनी रजा टाकली आणि मला केळव्याला घेऊन गेल्या. नरेशला म्हणाल्या, "मला बसव मागे. सराव म्हणून लिही." नरेश कावराबावरा झाला. बाई छप्पन्न वर्षांच्या, साडीतल्या, पोहता न येणाऱ्या. त्यांनी मीनलचा पंजाबी ड्रेस पिशवीतून आणला होता. नारिंगी जॅकेट चढवलं, पट्टे स्वतः आवळले. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या कोण जाणे. मग गाडी निघाली आणि मी वाळूवर उभा राहून तो नारिंगी ठिपका लहान होताना बघत राहिलो. दहा-बारा मिनिटांनी परत आल्या. केस तोंडावर चिकटलेले. मला म्हणाल्या, "मागे बसलेल्याला धरायला जागा कमी आहे. बुडता माणूस घाबरलेला असतो, तो चालवणाऱ्याच्या गळ्यालाच मिठी मारणार. म्हणून बचावाला दोघांनी जायचं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे तोंड करून माणसाला धरायचं. हे जीपच्या नियमात कुठून आलं असतं?" समुद्र कसा वाटला, असं मी विचारलं. "मोठा आहे," त्या म्हणाल्या.

चार दिवसांत त्यांनी नियम लिहिले. तीन पानं. मालक कोण, ताबा कुणाचा, चालवणार कोण, ती नावं. वापर फक्त बचाव, शोध, सराव आणि देखभाल यांसाठी. पोहणाऱ्यांपासून किती लांब राहायचं. लाल दोरी. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं, आणि रोज सकाळी, गरज असो वा नसो, खालची जाळी हात घालून तपासणं. हे सगळं साहेबांनी भराभर वाचलं आणि शेवटच्या नियमावर अडले. त्यात होतं : 'नियमाबाहेर वापर करण्यास सांगणाऱ्या व्यक्तीस, तिचे पद कोणतेही असो, नकार देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. अशा नकाराबद्दल त्याच्यावर कारवाई करता येणार नाही.'

साहेबांनी पेन काढून 'कर्तव्य' खोडलं आणि वर 'मुभा' लिहिलं. "बाई, कर्तव्य म्हणजे फार झालं. उद्या कोणीही उठून नाही म्हणेल."

"मुभा दिली तर तो वापरणार नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आहे तो. मुभा वापरली की त्याने स्वतःहून नाही म्हटलं असं होतं. कर्तव्य असलं की त्याला म्हणता येतं, माझा नाइलाज आहे. नाही म्हणायला त्याच्यामागे कुणीतरी उभं पाहिजे."

साहेबांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी 'मुभा' खोडलं, 'कर्तव्य' पुन्हा लिहिलं आणि खाली सही केली. भले गृहस्थ होते असं मी वर म्हटलं, ते या सहीमुळे.

पुढच्या हिवाळ्यात एक अधिकारी नातवंडांना घेऊन केळव्याला आले. नरेशने त्यांना नारळपाणी दिलं, मग छपरातल्या भिंतीवर लावलेला कागद दाखवला आणि म्हणाला, "साहेब, माझा नाइलाज हाय." त्यांनी कागद वाचला, फोन लावायला काढला, खालची सही आणि पद बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला. नरेशने हे बाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. जाळी तपासलीस का आज?" त्याच मोसमात एके दुपारी पुन्हा त्याचा फोन आला. बाईंनी ऐकलं, रिसीव्हर ठेवला आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. "कोण होतं?" मी विचारलं. "नरेश. एक आई आणि तिची मुलगी, वसईच्या. ओढीत गेल्या होत्या." मग म्हणाल्या, "दोघी आल्या बाहेर. चालत घरी गेल्या." चष्मा पुसून झाला तरी त्या तो पुसतच होत्या.

बाई निवृत्त झाल्या, मागोमाग मी झालो. नरेशने स्वतःची बोट घेतली. आम्ही अधूनमधून फोनवर बोलायचो; त्यांच्याकडे नेहमी काहीतरी नवीन निघायचं, एकदा फ्रिजच्या मागची जाळी गरम का होते, एकदा पक्षी तारेवर बसून झोपतात तर पडत कसे नाहीत. नियमांचा विषय निघत नसे. त्या सहीनंतर त्यांच्या लेखी ते काम संपलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

दिवस-कार्य झाल्यानंतर मागच्या आठवड्यात मी केळव्याला गेलो. काही ठरवून नाही. मीनलने बाईंच्या वाडीतली विड्याची पानं न्यायला बोलावलं होतं, आणि पावलं आपसूक किनाऱ्याकडे वळली. छप्पर तसंच आहे. गाडी नवी आलीय, पिवळी. जवळ एक मुलगी जाळीत हात घालून काहीतरी चाचपत होती. गणवेश, केस घट्ट बांधलेले. नाव सविता, विक्रमगडकडची. पोहायला नदीत शिकली, मग परीक्षा दिली आणि इथे लागली. मी तिला विचारलं, जरा बसून बघू का सीटवर, बंद गाडीवरच.

"नाय काका," ती म्हणाली. "नियम हाय. माझा नाइलाज हाय. फोटो काढा हवा तर."

मी कोण ते सांगितलं नाही. भिंतीवरचा कागद वाचायला गेलो. तीन पानं, प्लॅस्टिकमध्ये घातलेली. पण त्यांच्याखाली दोऱ्याने बांधलेली एक वही लटकत होती, ती मी कधीच पाहिली नव्हती. पहिल्या पानावर वर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अजून काय कळलं'. त्याखाली त्यांनी स्वतः काहीही लिहिलं नव्हतं. पुढची पानं मात्र वेगवेगळ्या हातांनी भरली होती, पेनने, पेन्सिलीने, कुणाचं अक्षर गिचमिड, कुणाचं शाळेतल्यासारखं. नरेशचं ओळखू आलं : 'मानूस गळ्याला पडला तर आदी त्याला तरंगनारी रिंग द्यावी, मंग हात.' कुणी लिहिलं होतं, 'पश्चिमेचा वारा असेल तर दक्षिणेच्या टोकाने आत शिरावे.' कुणी लिहिलं होतं, 'लेडीज असल्यास ओढणी गळ्यातून काढायला सांगावे, पंख्यात जाते.' सगळ्यांखाली नुसती सही, पद नाही.

"हे कुणी सुरू केलं?" मी विचारलं.

"माहीत नाय. आमी आलो तवापासून हाय. काय नवीन दिसलं का लिवायचं."

समुद्र लांब गेला होता. ओली वाळू पार क्षितिजापर्यंत पसरल्यासारखी दिसत होती. मी सहज म्हणालो, "आता ओहोटी आहे. इथून गाडी पाण्यापर्यंत न्यायला किती वेळ लागतो?"

सविता समुद्राकडे बघत राहिली. "भरतीला झटकन जाते. ओहोटीला... मोजलं नाय कधी." तिने आपल्या दोन साथीदारांना हाक मारली, ट्रॉलीची खिट्टी काढली आणि मला म्हणाली, "काका, तुमी घड्याळ बघा. आमी निघतो."

तिघं ट्रॉली ओढत निघाले. मी मनगट वर धरून उभा राहिलो. मध्येच एक चाक मऊ वाळूत रुतलं, त्यांनी ते उचलून काढलं, पुन्हा धावू लागले. कमरेएवढ्या पाण्यात पोचल्यावर सविताने हात वर केला. मी वेळ बघितली आणि परत आल्यावर तिला सांगितली. साडेनऊ मिनिटं. ती दम खात उभी होती. "लय झाली," ती म्हणाली. मग कमरेला हात पुसून वही उघडली, पेन शोधलं आणि खाली लिहिलं :

'ओहोटीला छपरातून पाण्यापर्यंत साडेनऊ मिनिटं लागतात. मानूस तेवढा टिकत नाही. उद्यापासून पाणी उतरेल तशी गाडी खाली नेऊन ठेवावी.'